बोटाला लागणारी रेघ

अमरावती
कार्तिक वद्य द्वितीया, शके १७८६

कुर्रर्र, कुंई. कुर्रर्र, कुंई.

पातूरला तुझ्या माहेरच्या पडवीत रेचा चालायचा, त्याचा हा आवाज. कापसातली सरकी काढायचा तो जुना लाकडी रेचा. त्याची वरची लाट, म्हणजे फिरता रूळ, कोरडी पडली होती आणि दर फेऱ्याला रडायची. मी पहिल्या दिवाळसणाचा जावई, मिसरूड नुकतं फुटलेलं. पाटावर बसून गोडधोड खायचं आणि गप्प राहायचं एवढंच माझं काम. पण ते रडणं माझ्याच्यानं ऐकवेना. दुपारी घर पेंगलं तशी मी लाट उतरवली, तिचं टोक जरा तासलं, एरंडेल सोडलं आणि परत बसवली. रेचा मुका झाला. त्या शांततेनंच तुझी आई जागी झाली आणि दारात येऊन म्हणाली, "बाप्पा, आमी जावई पाह्यला होता का सुतार?" तेव्हा माजघराच्या दाराआडून कोणी तरी फिसकन हसलं.

आज सकाळपासून ते हसू कानात आहे, म्हणून लिहायला बसलो.

आता मायना. पंतोजींनी आम्हाला वडिलांना लिहायचा मायना घोकायला लावला, गुरूला लिहायचा, कमाविसदाराला लिहायचा, सावकाराला लिहायचा. बायकोला लिहायचा मायना काही शिकवला नाही. बायको घरातच असते अशी त्यांची समजूत असावी. तेव्हा मायन्याची जागा कोरी सोडतो. तुला जो आवडेल तो सहदेवरावांकडून तिथं भरून घे.

सहदेवराव, तुम्ही हे तिला मोठ्यानं वाचून दाखवाल. जावयाच्या तोंडून सासऱ्याचं मन सासूला कळावं, हा योग विरळा. जिथं मी 'हे सोडा' असं लिहीन, तिथं सोडत चला.

कोणाकडून लिहून घेतलं असं वाटेल, तर नाही. अक्षर माझंच आहे. शाळेत कागदावर ओळी उठवायला दोरे ताणलेली फळी असायची. तशी एक मी केली आहे, फक्त दोरे कागदाच्या खाली नाहीत, वर आहेत. मोडीत आधी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगायची. माझी रेघ म्हणजे हा दोरा. डाव्या बोटानं दोरा धरतो आणि उजव्या हातानं अक्षरं लटकवत जातो, वळणीवर धोतरं घालावीत तशी. कुठं बोरू कोरडा पडला आणि शब्द गळला, तर अंदाजानं वाच. इतकी वर्षं माझं अर्धं बोलणं तू अंदाजानंच ऐकलंस.

अकोल्याला आपल्या लेकीचं, जयवंताचं, बाळ आता पालथं पडत असेल. बाळंतपण उरकून बारशानंतर येते म्हणाली होतीस. जाताना आणखीही काही म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. "हत्यारं घरातून निघाली की निरोप धाडा. तवाच म्या येईन."

माझी सुतारकामाची हत्यारं अजून घरातच आहेत. म्हणून निरोप नाही, पत्र आहे.

तुझी भीती मला कळते. डोळे धूसर होत होते तोवर ठीक होतं. मग तो मोतीबिंदू उतरवणारा फिरता माणूस आला आणि सुईनं उरलंसुरलंही घेऊन गेला. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मी जागा नेमून दिली. तांब्या इथं, काठी तिथं, पटाशी या कोनाड्यात, लाकूड तासायचा वाकस दारामागे. गेल्या सालच्या दिवाळीला तू सारवण काढलंस, वाकस उचलून चुलीपाशी टेकवलास, आणि माझा तळहात त्याच्या धारेवर पडला. जखम भरली. पण मी म्हणालो, काही हलवत जाऊ नकोस. आणि तू हातातलं पोतेरं तसंच धरून म्हणालीस, "समदं जागच्या जागी ठेवायचं. मंग या घरात म्या कुठी उभी राहू?"

याचं उत्तर अजून शोधतो आहे. तोवर एवढंच कळवतो की हात शाबूत आहेत.

सहदेवराव, पुढची ओळ जरा हळू वाचा, ओसरीवर कोणी बसलं असेल. संध्याकाळी चुलीचा धूर शेजारून येतो आणि मला वाटतं आपल्याच घरातला आहे.

तुझा
नत्थुजी


अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १७८६

उत्तर नाही. डाक रेंगाळत असेल. सगळ्याच वाटा कापसाच्या गाड्यांनी तुंबल्या आहेत म्हणतात.

इथं काय चाललं आहे ते तुला सांगून खरं वाटणार नाही. विलायतेच्या पलीकडे कुठं तरी दोन मुलखांची लढाई जुंपली आहे आणि तिच्यापायी आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा मान आला. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आहेत. मला दिसत नाहीत, पण पितळेची घंटा आणि चांदीची घंटा कानाला वेगळी लागते. रस्त्यावर कापसाचे पुंजके पडलेले असतात, पाय टाकला की मांजरावर पाय पडल्यासारखं वाटतं.

आणि गावात सुतार उरला नाही. जो तो रेलवेच्या कामावर गेला, नाहीतर सरकीच्या कारखान्यात. पलीकडच्या गंगूबाईची बाज मोडली, ती तशीच तिरपी पडून होती. देवीदास माळी तिला म्हणाला, "आपल्या बाबाजीले सांग ना. त्याले दिसत नाई, पण बाजेले त्याचं काय?" देवीदासला तू ओळखतेस, त्याच्या मळ्यातली वांगी तुला आवडतात. जीभ मात्र मिरचीची. त्याच्यासोबतच मी बाजारात जाऊन आलो, तेच सांगायला हे पत्र. तुला वाटतं आंधळा मिळेल ते हत्यार उचलून कापत सुटतो. तसं नाही. मी कसा निवडतो ते ऐक, आणि मग काय ते ठरव.

लोखंडी सामानाच्या बोहऱ्यानं आधी मला मापाचा विलायती गज दाखवला. घडीचा, गुळगुळीत, कडेला पितळ. म्हणाला, याच्यावर काळ्या बारीक रेघा आहेत, साहेब लोक हाच वापरतात. मी नख फिरवलं. काचेसारखा गार आणि मुका. रेघा रंगाच्या होत्या, कोरलेल्या नव्हत्या. मी तो परत केला. देवीदास म्हणाला, "शेठ, याच्यासंगं दोन डोळे फुकट देत असान त बोला." मग घरी येऊन मी सागाच्या पट्टीवर स्वतःच खाचा पाडल्या. वीतभरावर एक खाच, हातभरावर जोडखाच, आणि मधल्या बारीक मापांना पितळी चुका ठोकल्या. आता बोट चालत गेलं की माप आपण होऊन सांगतं.

सुतार लोक गेरूत भिजवलेला दोरा ताणून लाकडावर लाल रेघ मारतात. लाल रेघ माझ्या काय कामाची? मी चाकूच्या टोकानं चर पाडतो. बोटाला लागणारी रेघ. एकदा पाडली की पुसत नाही, उजेड असो की अंधार.

करवतीपाशी फार वेळ गेला. विलायती करवत ढकलताना कापते. आपली करवत ओढताना कापते. बोहरी म्हणाला विलायतीच घ्या, हात दुखत नाही. मी दोन्ही त्याच्या फळकुटावर चालवून पाहिल्या. ढकललेली करवत कुठं जाऊन थांबते हे पाहायला पुढं डोळा लागतो. ओढलेली माझ्याकडेच येते. वाट चुकली तर मुठीला आधी कळतं. मी देशी घेतली. घेताना पातं टिचकीनं वाजवलं आणि कानाशी धरलं. तडा असेल तर आवाज मध्येच मरतो. हिचा लांबवर जात राहिला. मी ऐकत उभा राहिलो तसा बोहरी कंटाळून म्हणाला, "बाबा, करवत ले रहे हो या दुल्हन देख रहे हो?"

मी म्हणालो, "शेठ, दुल्हन तरी कुठी पाह्यली होती? आयकलीच होती."

तो हसला. त्याला काय कळलं कोण जाणे. तुला कळेल.

सामत्यानं भोक पाडताना टोक पलीकडे निघून मांडीत जाईल, अशी तुला धास्ती असायची. आता त्या टोकावर मी दोरा गुंडाळून गाठ मारली आहे. गाठ लाकडाला टेकली की थांबायचं. पटाशीला वेळूची म्यान केली. खिळे लांबीप्रमाणे वेगवेगळ्या करवंट्यांत. आणि खिळा ठोकताना तो बोटात धरत नाही. एका जुन्या लाकडी फणीच्या दातांत अडकवतो, मग हातोडी चुकली तरी फणीवर पडते. फणी तुझी आहे. दोन दात गेलेली, तू टाकून दिलेली, फळीवर सापडली. तिला अजून खोबरेलाचा वास आहे. रागावू नकोस.

लाकूड चिकटवायचा सरस शिजवताना वेळ कसा कळतो, असं गंगूबाईनं विचारलं. मी म्हणालो, शाळेतल्या आर्या आहेत ना. अमुक इतक्या म्हटल्या की सरस तयार. पंतोजींच्या छडीच्या भीतीनं पाठ केलेलं आज कामी येतं. रंधा मारताना श्लोक बरा, त्याची ओळ लांब असते, हातही लांब जातो. बारीक कानस चालवताना मात्र ओवीच पाहिजे. परवा बाजेचा पाय घासताना एक ओवी आपण होऊन सुचली. माझीच आहे, हसू नकोस:

सरकी पडली एका अंगाला, कापूस उडाला दुसऱ्या अंगाला,
रेच्या, तुला रे कोण पुसतो, दोघांना तोडून काय लाभलं तुला।

बाज नीट झाली. गंगूबाई तिच्यावर उडी मारून बसली, आणि मोडली नाही. तुला तिचं वजन ठाऊक आहे.

या खेपेला पत्र लांबलं, कागद तीन झाले. कोणता आधी, कोणती बाजू वर, हे माझं मलाच कळेना. तेव्हा पहिल्या कागदाचा वरचा कोपरा कात्रीनं उडवून टाकला आहे, म्हणजे बोटाला लागलीच समजतं. अशा युक्त्या सुचत राहतात. तू इथं असतीस तर तुला दाखवल्या असत्या.

हात शाबूत.

नत्थुजी


अमरावती
पौष वद्य षष्ठी, शके १७८६

सहदेवरावांचं पत्र आलं. देवीदासनं ते ब्राह्मणआळीत वाचून घेतलं आणि मला तोंडपाठ सांगितलं. सांगताना तो एकदाही हसला नाही, यावरूनच मी समजलो.

मला सुचलं कसं नाही? आयुष्यभर मी कोपरा फाडलेली पत्रं पाहिली. बापाच्या मरणाची मीच लिहिली, मीच त्यांचे कोपरे फाडले. जगाला ठाऊक आहे की कोपरा गेलेलं पत्र मरणाचं, ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचायचं. आणि मी बोटाची सोय म्हणून कात्री चालवली. डोळे असताना कोपरा गेलेला दिसायचा, म्हणून त्याची भीती होती. आता तो फक्त बोटाला लागतो. बोटाला भीती आठवली नाही.

सहदेवराव गाड्यांबरोबर खामगावला गेलेले, घरात वाचणारं कोणी नाही, आणि डाकवाल्यानं पत्र लांबूनच धरून तुझ्या पुढ्यात टाकलं. तू अंगणातच खाली बसलीस म्हणे. जयवंतानं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया जमल्या, पाणी तापवलं. कुंकू पुसायचं की सहदेवरावांची वाट पाहायची, यावर त्यांच्यात वाद झाला. कोणी तरी शहाणी म्हणाली थांबा, म्हणून तुझ्या बांगड्या वाचल्या. सहदेवराव संध्याकाळी आले आणि त्या साऱ्या बायांसमोर त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. करवत. बोहरी. गंगूबाईचं वजन. आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळं अंगण.

तू हसली नाहीस. उठून घरात गेलीस आणि दार लावलंस. आणि सहदेवरावांना सांगितलंस ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं, त्याबद्दल त्यांचे उपकार: "मले विधवा करून करवतीच्या गोष्टी सांगून राहिले. जित्ते हायेत त राहा म्हना जित्ते. मले आता पत्र वाचू नका."

तर हे पत्र तुला वाचलं जाणार नाही. तरी लिहितो. सहदेवराव, निदान ती पलीकडच्या खोलीत असताना वाचा. तिचे कान चांगले आहेत.

तुम्ही लिहिता की आता एकट्यानं राहण्यात राम नाही. घर कापसाच्या दलालाला भाड्यानं द्यावं, तुम्ही माघात येऊन मला अकोल्याला न्यावं, आणि हत्यारं मात्र आणू नयेत. लेकीच्या दारी राहायचं म्हणजे चार लोक बोलतील. बोलू देत. तिथं भिंतीच्या पलीकडे ती असेल. भांड्यांचा आवाज येईल. मला तेवढं पुरेल.

आता तुझ्याशी बोलतो. कुठी उभी राहू, असं विचारलं होतंस ना? मी हत्यारांना जागा घरात दिली, तिथंच गणित चुकलं. कोनाडा पटाशीचा, दारामागचा कोपरा वाकसाचा, खिडकी करवतीची. सगळं घरच माझी हत्यारपेटी झालं, आणि पेटीत माणूस कसा राहील? तेव्हा गेल्या पंधरवड्यात मी खरीच पेटी केली. सागाची, झाकणाची, वर धरायला चामड्याचा पट्टा. आत प्रत्येक हत्याराचा खण त्याच्याच आकाराचा, दुसरं त्यात बसतच नाही. मी जाईन तिथं पेटी जाते. कोनाडे रिकामे केले, दारामागे काही नाही. आता घरात तू काहीही उचलून कुठंही ठेव. मी फार तर ठेचकाळेन. ठेचेला धार नसते.

हे जर तू आधी ऐकलं असतंस तर, असं मनात येतं. पण आता अकोल्यालाच यायचं ठरलं. तेव्हा पेटी देवीदासला देतो. आतली फणी तेवढी काढून घेतली आहे.

आज अक्षरं मोठाली आली असतील. थंडी फार आहे, बोरू नीट धरवत नाही.

कोपरा शाबूत आहे. चारही तपासून पाहिले.

नत्थुजी


अमरावती
माघ शुद्ध त्रयोदशी, शके १७८६

चि. जयवंता हिला अनेक आशीर्वाद.

सहदेवरावांना सांग, गाडी जोडू नका. जोडली असेल तर सोडा. का ते सांगतो, पण म्हाताऱ्याला क्रमानं सांगू दे.

तुझा निरोप परवाच्या गाडीवाल्याकडून पोचला, की सहदेवराव द्वादशीला, गाडी मोकळी झाली नाही तर पौर्णिमेनंतर येतील. आणि आई पातूरला भावाकडे निघून गेली, जाताना म्हणाली, ते अकोल्यात येतील तवा म्या इथं नसीन. गाडीवाला बिचारा भला माणूस. एवढं सांगून झाल्यावर त्यानं मला पाणी आणून दिलं. मी त्याला विचारलं, पातूरच्या वाटेला लागताना ती काही बोलली का? तो म्हणाला, मी गाडीतली कपाशी पाहत होतो.

मग मी का येत होतो अकोल्याला? तुला खरं सांगतो, पोरी, मलाच कळत नव्हतं. पण माणूस एकदा हो म्हणाला की बैलासारखा जू मानेवर घेऊन उभा राहतो. घराची किल्ली दलालाच्या माणसाला द्यायची ठरली. देवीदास पेटी न्यायला दोनदा आला आणि दोनदा रिकामा गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाबाजी, तुमी पेटी द्यायले बलावता अन् तिच्यावरच बसून राह्यता. म्या तुमाले पेटीसंगट उचलू का?" मी म्हणालो, जावई आले की देतो.

काल द्वादशी. दिवसभर गाड्यांचे आवाज ऐकत बसलो. भरलेली गाडी कण्हत जाते, रिकामी गाडी बडबडत जाते. दिवेलागणीला एक रिकामी बडबडत आली आणि आपल्या दाराशी थांबली. बैलानं फुर्र केलं. कोणी तरी उतरलं.

मी उठलो, पेटीला दोरी आवळली, पट्टा खांद्याला लावला आणि दारात गेलो. देवीदास माझ्या मागेच होता. तो एरवी पुढे पुढे करतो, तो दोन पावलं मागे सरकला. मला वाटलं, जावयाचा मान राखतो आहे.

मी म्हणालो, "या सहदेवराव. पेटी देवीदासच्या हवाली करू आणि निघू. माझं दुसरं सामान काही नाही."

 मग माझ्या पायावर काही तरी जड येऊन पडलं. गाठोडं होतं, उंबऱ्याच्या अगदी मधोमध टाकलेलं. मी पेटी खाली ठेवली आणि हात पुढे केला, की गाठोडं घ्यावं.

तो हात कोणी तरी धरला. पालथा होता तो उताणा केला. मग त्याच्यावरून एक खरखरीत बोट फिरू लागलं. आधी तळहाताच्या जुन्या जखमेवरून, मग करंगळी, मग तिच्या शेजारचं, एकेक पेर दाबत, बाजारात भेंडी पारखावी तसं. डावा हात सोडला, उजवा धरला. गाडीवाला खाली उभा राहून विचारत होता की बाई, बैल सोडू का थांबू?  उजव्या हातावर ते बोट फिरत फिरत अंगठ्यावर आलं आणि तिथल्या चिंधीपाशी थांबलं.

"हे अंगठ्याले काय झालं?" तुझी आई म्हणाली. "हे त पत्रात नव्हतं."